बंद पडून राहिलेली बोट: आधी टाकी-पाइप बघायचा की थेट कार्बोरेटर खोलायचा?

मे संपत आला की कोल्हापूर जिल्ह्यात करवीर आणि शिरोळच्या पूरपट्ट्यात गावोगावच्या आउटबोर्ड (मागे टांगलेल्या इंजिनाच्या) बोटी शेडमधून बाहेर निघतात. दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागतो, इंजिन दोनदा फुरफुरतं आणि गप्प होतं. थंड देशांत हे दुखणं हिवाळ्यानंतर येतं. आपल्याकडे बोट बंद असते ती दसऱ्यापासून वळवापर्यंत, म्हणजे सात-आठ महिने, त्यातही पूर्ण उन्हाळा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका. तेव्हा इंजिन खोलून बसायला वेळ कुणाकडे असतो? म्हणून हे काम मे महिन्यातच उरकायचं.

गावात दोन मतं असतात. एक म्हणतो, ‘कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) चोक झालाय, खोला.’ दुसरा म्हणतो, ‘आधी पेट्रोल बदला, पाइप बघा.’ मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. कार्बोरेटर बिघडत नाही असं नाही, बऱ्याचदा तोच बिघडलेला असतो. पण टाकीकडचा दोष अर्ध्या तासात कळतो आणि स्वस्तात जातो. कार्बोरेटर उगाच खोलला तर जुनं गॅस्केट फाटतं, स्क्रूची सेटिंग हलते आणि एकाचे दोन दोष होतात.

आमच्या बोटीचं असंच झालं होतं. पाण्यात पाच मिनिटं नीट चालायची, वेग दिला की दम तोडायची, थोडं थांबलं की पुन्हा सुरू. कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला, फरक शून्य. शेवटी शेजारच्या गावच्या बोटीची टाकी पाइप आणि बल्बसकट (पाइपमधला, दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा) आणली, ताजं पेट्रोल भरलं आणि जोडली. इंजिन तासभर एका लयीत चाललं. मग आमचा पाइप ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून नव्यासारखा, आत मात्र अस्तर सुटून सालीसारखं लोंबत होतं. इंजिननं जोरात ओढलं की ती साल आडवी यायची आणि पेट्रोल अडायचं.

तेव्हापासून माझी पहिली चाचणी हीच: दुसरी टाकी, दुसरा पाइप, ताजं पेट्रोल. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात ऑइल (५०:१ असेल तर लिटरला २० मिली). पाइपचं कपलिंग (जोड) मात्र आपल्या इंजिनला बसणारं हवं. चाचणी घेताना इंजिनचा खालचा भाग पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये बुडालेला पाहिजे. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचं रबर बघता बघता जळतं.

दुसऱ्या टाकीवर इंजिन नीट चाललं तर कार्बोरेटरला हात लावू नका. दोष टाकी, पाइप, बल्ब किंवा पेट्रोलमध्येच आहे. चालू इंजिनवर बल्ब चपटा होत असेल तर टाकीकडून पेट्रोल येत नाही. आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा, तो बंद राहिलेला मी कितीदा पाहिलाय. दाबूनही बल्ब घट्ट होत नसेल तर जोडातून हवा शिरतेय, बल्बमधला वॉल्व्ह गेलाय किंवा कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बसत नाही.

जुनं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा पाण्याचे मणी हलताना दिसले तर ते पेट्रोल इंजिनात घालायचंच नाही. २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांच्या घरात. उसाच्या जिल्ह्यात इथेनॉलला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं हे खरं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. त्या थराबरोबर टू-स्ट्रोकला पुरेसं ऑइल मिळत नाही, म्हणजे पिस्टनही धोक्यात.

दुसऱ्या टाकीवरही तीच रड असेल तर मग कार्बोरेटर. चोक (हवा कमी करणारी झडप) थोडा ओढल्यावर इंजिन सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय, जेट (पेट्रोलची बारीक भोकं) बुजलेत. वेगात चालतं पण हळू ठेवलं की बंद पडतं, तर बहुधा आयडलचा (मंद चालीचा) जेट. दोरी ओढूनही प्लग कोरडाच निघाला तर पेट्रोल आतपर्यंत पोचतच नाही, इंजिनवरचा फिल्टर आणि पंपही बघा. प्लग ओला असून पेटत नसेल तर आधी ठिणगी तपासा. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून निघालेलं पेट्रोल पिवळट आणि रंगासारख्या वासाचं असेल, तर जेटमध्ये चिकटा बसलाच आहे.

घरी साफ करायचा तर जेट काढून क्लीनर आणि हवेनं. तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेला. इंजिनला दोन-तीन कार्बोरेटर असतील तर घरी नकोच, ते एकमेकांशी जुळवावे लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनकामाचे जाणकार कमी नाहीत, पण आउटबोर्डवर हात बसलेला माणूसच शोधा.

राहिलं हंगाम संपल्यावरचं. टाकी भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) घालायचा, की रिकामी करायची? स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्येच काम करतो, शिळं सुधारत नाही. घातल्यावर इंजिन थोडा वेळ चालवावं लागतं, नाहीतर तो कार्बोरेटरपर्यंत जात नाही. गावच्या बोटीला मी रिकामीच सांगेन. पाइप काढायचा, इंजिन हळू ठेवून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, वाटीचा स्क्रू सोडून उरलेलं काढायचं आणि टाकी पुसून कोरडी ठेवायची. हे उघड्यावर करायचं, आणि विडी-सिगारेट पेटवणाऱ्याला आधी लांब पाठवायचं.