ज्येष्ठमधाच्या काड्या : गळ्याला उत्तम, पण बीपी असेल तर जपून

मी गाणं शिकवते. संध्याकाळचे वर्ग लागोपाठ झाले की आवाज बसायला येतो, म्हणून ज्येष्ठमध पर्समध्ये कायम असतं. मंडईजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून मी अख्ख्या काड्या घेते. पूड नाही, कारण पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. काडी मोडून बघता येते. वरून तपकिरी, आत पिवळी आणि रेशाळ निघाली की माल चांगला. इथला माल दर वेळी तसाच निघालाय, पावसाळ्यातसुद्धा कुबट वास नाही.

पेराएवढा तुकडा दाढेखाली धरायचा. गोडी लगेच येत नाही, हळूहळू सुटते आणि मग कितीतरी वेळ जिभेवर राहते, शेवटी किंचित कडसर. ती गोडी ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिन या घटकाची, साखरेच्या साधारण 50 पट. घशाची कोरड जाते, खवखव थांबते. शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत नळी घालतात, त्यानंतरची घसादुखी आधी ज्येष्ठमधाच्या गुळण्या केल्याने कमी होते, असं भारतातल्या अभ्यासांतही दिसलंय. दातांच्या बाबतीत मी जरा हात राखूनच बोलेन. चिनी जातीच्या ज्येष्ठमधातले काही घटक दात किडवणाऱ्या जंतूंना रोखतात, पण हे प्रयोगशाळेत. रात्रीचा ब्रश त्याने चुकत नाही. खोकल्याच्या साखरेच्या गोळ्या तासन्‌तास चघळण्यापेक्षा मात्र काडी केव्हाही बरी.

तक्रार आहे ती दुकानाबद्दल. माझ्यासमोर एका आजोबांनी विचारलं, “बीपीची गोळी चालू आहे, चालेल ना?” उत्तर मिळालं, “आयुर्वेदिक आहे काका, कितीही खा.” हे साफ चूक आहे. ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम निघून जातं, रक्तदाब चढतो. बीपीसाठी देतात त्यातल्या लघवी जास्त होण्याच्या काही गोळ्याही पोटॅशियम घटवतात. दोन्ही एकत्र आलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधला 54 वर्षांचा एक माणूस काही आठवडे रोज दीड पाकीट काळी लिकरिस, म्हणजे ज्येष्ठमधाची कँडी खात होता. त्यात तो दगावला. 2020 मध्ये डॉक्टरांनी ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. युरोपात दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही मर्यादा धरतात. काडीत त्याचं प्रमाण कमीजास्त असतं, त्यामुळे घरी मोजणं शक्य नाही. मी तुकडा वर्गाच्या दिवशीच चघळते, मधले दिवस सोडते. विद्यार्थिनींपैकी कुणी गरोदर असेल तर तिला देतच नाही.

काड्यांना पाचपैकी पाच. दुकानाला तीन. बीपी, किडनी आणि हृदयाच्या रुग्णांसाठी काउंटरवर मराठीत एक पाटी लावा, एवढं मी मालकांना सांगून आलेय.