आमच्या गावची सांधेदुखीवाल्यांची बैठक, आईले घेऊन जातो त्याचा अनुभव

आईले आमवात हाय, रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, सकाळी उठली का तास-दीड तास बोटंच वळत नाही, चहाचा कप दोन्ही हातानं धरते. घरचे समजायचे वय झालं. पण हा झिजेचा आजार नोहे, अंगातली प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटते, हे मले या बैठकीतच कळलं. जगात २०१९ मधे १.८ कोटी लोकायले हा आजार होता अन् त्यात ७० टक्के बाया.

आर्वीकडच्या आमच्या गावात महिन्यातून एक रविवार समाजमंदिरात जमतात, फुकट, रिटायर नर्सबाई घेतात. लय जीव लावून सांगतात. एक काकू आमवाताची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी रोज घेणार होत्या, ती हप्त्यातून एकच दिवस असते, रोज घेतली तर जिवावर बेतते! बाईनं तिथंच थांबवलं, अन् सगळ्यायले सांगितलं का वार पक्का करा. आता आईचा बाजाराचा दिवस तोच गोळीचा दिवस.

दुसऱ्या एका मावशीनं कलथ्याच्या दांडीले जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून जाड केलेली दाखवली, मूठ कमी आवळा लागते. आईनं घरी येऊन त्याच सांजी विळ्याले बी गुंडाळली, अन् कितीक महिन्यानं स्वतः सांबार (कोथिंबीर) कापला. मले भरून आलं खरंच.

कमी एवढीच का पायऱ्यायले कठडा नाही, अन् कापूस वेचणीत बैठक बंद राह्यते, तवाच तर हात जास्त दुखतात. बसाले सतरंजी हाय, गुडघेवाल्यायनं घरून खुर्ची न्या.