डी३: आठवड्याचं साठ हजारचं पाकीट की रोजची छोटी गोळी?

रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी २० च्या खाली दिसलं की हल्ली बहुतेकांच्या हातात डी३ चं (म्हणजे व्हिटॅमिन डीच) ६०,००० युनिटचं पावडरचं पाकीट येतं, आणि मग घरात सुरू होतं, अरे एवढं कशाला, रोजची हजारवाली गोळी काय वाईट आहे.

पाकिटाचं चांगलं काय, तर डेफिशियन्सी लवकर भरून निघते. आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे, जेवण झाल्यावर दुधातून (उपाशीपोटी नको, जेवणात तूप-तेल असलं की ते अंगी लागतं), झालं काम.

घोळ होतो तो 'आठवड्यातून एकदा' मध्ये. आमच्या आत्याच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या, म्हणून तिने हेही रोज रात्री दुधात ढवळून घेतलं, दीड महिना!! आधी भूक गेली, मग उलट्या, सारखी तहान, पोट साफ नाही, आम्हाला वाटलं अ‍ॅसिडिटी असेल, शेवटी ती काहीतरी असंबद्ध बोलायला लागली तेव्हा अ‍ॅडमिट केलं तर कॅल्शियम प्रचंड वाढलेलं. बी किंवा सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, डी मात्र चरबीत साठतं, त्यामुळे पाकिटं बंद केल्यावरही लेव्हल खाली यायला कित्येक महिने गेले.

रोजच्या १०००-२००० च्या गोळीत ही भीती जवळपास नाही. एक दिवस विसरलात किंवा चुकून दोन घेतल्या तरी काही बिघडत नाही, मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादा ४००० धरतात. फक्त लेव्हल हळू चढते, तीनेक महिने धीर धरायचा. आणि कॅल्शियमच्या गोळीतही बऱ्याचदा २५०-५०० डी३ असतंच, ते मोजायला विसरू नका.

एकदाच ६ लाखाचं इंजेक्शन? मला नाही पटत. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट तोंडाने देऊन बघितलं होतं, २०१० साली रिझल्ट आला, पडण्याचं आणि फ्रॅक्चरचं प्रमाण उलट वाढलं होतं.

तर लेव्हल अगदी १०-१२ असेल आणि आपल्या गोळ्या आपण नीट सांभाळत असाल तर डॉक्टरांनी दिलेलं पाकीट बिनधास्त घ्या, कॅलेंडरवर आठ रविवारांना गोल करून. घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल तर डॉक्टरांना सांगून रोजची गोळीच मागा. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र दोन्हीपैकी काहीच मनाने सुरू करू नका. आणि मेडिकलमधून आठ पाकिटं एकदम उचलू नका हो, चारच आणा, पुढची आणायला गेलात की महिना झाला का नाही ते आपोआप कळतं.