आजीच्या पातळांचा क्विल्ट आणि लाँगआर्मचं बिल : आठ महिने वापरल्यावर

क्विल्ट, म्हणजे इकडची गोधडी, घरी आला ऑक्टोबरमध्ये, आता जून उजाडलाय. तेव्हाच लिहायला बसले असते तर एक तारा देऊन मोकळी झाले असते. बरं झालं थांबले. त्या वेळी तीन गोष्टींवरून मी डोकं धरून बसले होते. त्यातल्या दोन आता मला दिसतसुद्धा नाहीत, आणि जिच्याकडे 'चालायचंच' म्हणून दुर्लक्ष केलं तिनेच हिवाळाभर छळलं.

आधी माल काय होता ते सांगते. आजी गेल्यावर कराडच्या घरातल्या ट्रंकेतली तिची सात सुती पातळं आणि खणाच्या चोळ्यांचे तुकडे आईने माझ्या हवाली केले. तिकडे असते तर दोन उन्हाळ्यांत त्यांची वाकळ झाली असती. इथे ओहायोत शेजारणींच्या नादाने क्विल्टिंग शिकले होते, म्हणून चौकोन कापले. धुऊन धुऊन पातळं इतकी विरविरीत झाली होती की प्रत्येक तुकड्याला मागून इस्त्रीने फ्यूजिंग, म्हणजे आधाराचं चिकट अस्तर, चिकटवावं लागलं. दोन वर्षांनी 72 बाय 84 इंचांचा टॉप, म्हणजे तुकडे जोडलेला वरचा थर, तयार झाला. एवढं धूड घरच्या शिवणयंत्राच्या सुई आणि खांबामधल्या सात-आठ इंचांतून ढकलायची माझ्या खांद्यांत ताकद नव्हती. म्हणून लाँगआर्म.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : लाँगआर्मची चौकट दहा-बारा फूट लांब असते. टॉप, बॅटिंग म्हणजे मधलं उबेचं भरण, आणि अस्तर असे तीन थर तिच्या रुळांवर ताणून लावतात. कापड जागेवर राहतं आणि मशीनच चाकांवर त्याच्यावरून फिरतं, म्हणजे आपल्या शिवणाच्या बरोबर उलटं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नक्षीची एक ओळ झाली की रूळ फिरवून कापड पुढे घ्यायचं आणि पुढची ओळ घालायची. आमच्या गावापासून तासाभरावर एक बाई घरच्या तळघरात हे काम करतात. दर चौरस इंचावर असतो. माझे झाले 6048 चौरस इंच. अडीच सेंट दराने 151 डॉलर 20 सेंट, वर 80 टक्के सुती बॅटिंग आणि दोरा यांचे 38. टिप 20, ती माझ्या भिडस्तपणाची. ऑगस्टमध्ये टॉप दिला, नऊ आठवड्यांनी फोन आला.

घ्यायला गेले तेव्हा बाईंनी क्विल्ट टेबलावर अर्धा उलगडून सरळ बाजू दाखवली. मला एका नजरेत कळलं की काहीतरी बिनसलंय. तोंडाने मात्र 'वा, किती सुंदर, थँक यू सो मच' बाहेर पडलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. गाडीत बसल्यावर घशात आवंढा आला.

घरी येऊन दिव्याखाली पसरला. पहिलं दुखणं नक्षीचं. गोल गोल पिसांचा पँटोग्राफ, म्हणजे ओळीने गिरवायची तयार नक्षी, होता, आणि आजीच्या गर्द जांभळ्या पातळाच्या काठावरून क्रीम रंगाच्या दोऱ्याने ती पिसं बिनदिक्कत फिरली होती. काठ मोडून गेल्यासारखा वाटला. दुसरं दुखणं चुण्यांचं. खालच्या किनारीच्या पट्टीत दोन ठिकाणी कापड दुमडून त्यावरूनच शिवण गेली होती. तिसरं दुखणं पाठीमागे होतं. वरच्या दोन तृतीयांशात टाके छान बसले होते, पण एका ओळीच्या मध्यापासून खाली सगळीकडे बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा, दोरा तारेसारखा सरळ पडला होता आणि वळणांवर वरच्या दोऱ्याचे फास डोकावत होते, पापण्यांच्या केसांसारखे. मी तिसरं पाहिलं आणि सोडून दिलं. पाठ कोण बघतंय!

व्हिडिओ कॉलवर आईने पहिल्यांदा तेच विचारलं. 'उलटी बाजू दाखव की गं.' मी म्हटलं, आई, नेट बरोबर नाही, नंतर दाखवते.

त्यानंतर तीन दिवस मी मेसेज लिहीत आणि खोडत बसले. एकात 'तुम्ही माझ्या आजीची आठवण खराब केलीत' असं वाक्य होतं. पाठवलं नाही हे नशीब, कारण चौथ्या दिवशी बाईंचा फॉर्म पुन्हा वाचला. दोऱ्याच्या रंगापुढे 'क्रीम' माझ्याच अक्षरात होतं. पिसांची नक्षी मी फोनवरच्या नखाएवढ्या चित्रावरून निवडली होती, प्रत्यक्षात ती किती मोठी उतरते हे विचारलंच नव्हतं. या प्रकारच्या सरसकट कामात सगळ्या क्विल्टवरून एकच नक्षी एकाच दोऱ्याने जाते. काठ सांभाळून शिवायचं असेल तर तो कस्टमचा प्रकार, त्याचा दर दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त. पैसे सरसकट कामाचे देऊन अपेक्षा कस्टमची धरली होती मी.

चुण्यांचं तर अगदीच लाजिरवाणं. किनारीची पट्टी मी मापून कापलीच नव्हती. लांब पट्टी घेतली, कडेला लावत गेले, उरली ती छाटली. टॉपची मधली लांबी मोजून तेवढीच पट्टी कापायची असते, नाहीतर कडा झालरीसारखी फुगते आणि फुगलेलं कापड चौकटीवर कुठेतरी दुमडणारच. फॉर्ममध्ये हेही छापलं होतं आणि खाली माझी सही होती.

पाठीमागच्या टाक्यांची गोष्ट वेगळी. तिथे माझा काडीचा दोष नव्हता. बॉबिन बदलली, नव्या बॉबिनचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, जुळलं नाही आणि खाली वाकून कोणी पाहिलं नाही, एवढंच ते प्रकरण. ओळीच्या मध्यातच फरक सुरू होतो यावरून ते कळतं. तुम्हाला तपासायचं असेल तर पाठीवरून नख फिरवा. दोरा नखाखाली येऊन तारेसारखा उचलला गेला तर काम कच्चं आहे, मग समोरून ते कितीही देखणं दिसो. आणि खरी तक्रार करायची ती याचीच होती. मी मात्र रंगावर आणि पिसांवर रडत बसले, वर त्याच आठवड्यात उरलेलं अस्तर छाटून बाइंडिंगसुद्धा, म्हणजे कडेचा गोट, लावून टाकलं.

ही माझी सगळ्यात महाग चूक. त्याची किंमत कळली पहिल्या थंडीत. माझा चार वर्षांचा मुलगा झोपेत पाय झाडतो. त्याच्या पायाचा अंगठा त्या फासांत अडकायचा. एका रात्री ओढाताणीत दोरा तुटला आणि सकाळी सहा इंचांची ओळ उसवलेली दिसली. फास कापून टाकावेत असं वाटतं, पण फास म्हणजे वरचाच दोरा; तो कापला की आजूबाजूचे टाके सुटायला लागतात.

तेव्हा कुठे बाईंना लिहिलं. या वेळी आजी नाही, विशेषणं नाहीत. चार फोटो, प्रत्येकात मोजपट्टी ठेवलेली, एक फोटो चांगल्या भागाचा आणि एक वाईट भागाचा शेजारी शेजारी. शेवटी एकच प्रश्न : अशा वेळी तुम्ही काय करता? पहिलं उत्तर आलं की धुतल्यावर बसेल. मी कळवलं की दोनदा धुऊन झालाय. दुसऱ्या दिवशी फोन आला. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत, म्हणाल्या, ती बॉबिन माझ्या नजरेतून सुटली. खालचा भाग उसवून पुन्हा शिवून देते म्हणाल्या, पण चौकटीला लावायला अस्तर चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त लागतं आणि ते मी छाटून बसले होते. बाइंडिंग काढून कडांना जोडपट्ट्या शिवून करता आलं असतं. पण आजीच्या विरलेल्या कापडावरून एवढी दाट शिवण उसवायची म्हणजे चाळण झाली असती. लाँगआर्मची सुई साधारणपणे 18 नंबरची, आपल्या घरच्या 14 नंबरपेक्षा बरीच जाड. 16 नंबरची लावा असं आधी सांगता येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेवटी त्यांनी शिलाईचे निम्मे पैसे परत केले, 75 डॉलर 60 सेंट, चेकने. बाइंडिंगच्या आधी बोलले असते तर काम दुरुस्त होऊन मिळालं असतं.

उरलेलं मी हाताने केलं. पाठीकडून बॉबिनचा दर चौथा-पाचवा टाका उसवणीने कापायचा आणि मग वरचा दोरा हळूच ओढून घ्यायचा, तो लांबच्या लांब निघून येतो. सुईची भोकं राहतात, त्यावर पाणी शिंपडून नखाने आडवं-उभं खरवडलं की बरीचशी मिटतात. मग त्या जागी जाड दोऱ्याने धावदोरा घातला, आजीच्या वाकळीला असायचा तसा, सरळ ओळींत. जिथे मुलाचे पाय येतात तेवढाच पट्टा केला, साधारण दीड फूट रुंद. चार शनिवार-रविवार गेले. बाकीचा भाग तसाच आहे.

आता बाकीच्या दोन दुखण्यांचं. बॅटिंग धुतल्यावर आटतं, क्विल्ट 84 इंचांचा 81 झाला आणि सगळीकडे बारीक सुरकुत्या आल्या. त्या सुरकुत्यांत चुण्या अशा मिसळल्या की परवा मैत्रिणीला दाखवायला गेले तर एक सापडलीच नाही. पहिल्या धुण्यात खणाचा लाल रंग सुटेल म्हणून रंग शोषणारे कागद मशीनमध्ये टाकले होते, ते गुलाबी होऊन निघाले पण शेजारचं पांढरं पातळ वाचलं. क्रीम दोराही आता थोडा मळलाय, जांभळ्यावर पूर्वीसारखा टोचत नाही. पिसं मला अजून आवडत नाहीत, पण क्विल्ट अंगावर घेतल्यावर नक्षी कोण बघतं? ऊब मात्र अव्वल. वाकळीइतका जड नाही, आणि नऊ वेळा धुऊनही बॅटिंगची गुठळी झालेली नाही.

काही मैत्रिणी म्हणतात, दुसऱ्याकडून मशीनने शिवून घेतला तर तो तुझा क्विल्ट कसला? तो वाद इथे जुना आहे. हाताच्या टाक्यांपुढे मशीनला फार दिवस कमी लेखलं गेलं. 1989 साली केंटकीतल्या पडूकाच्या मोठ्या प्रदर्शनात मशीनने क्विल्ट केलेल्या कामाला पहिल्यांदा सर्वोच्च बक्षीस मिळालं, तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं. मला त्या वादात पडायचं नाही. मी पैसे मोजले ते माझे खांदे वाचवायला, आणि ते वाचले.

पाचपैकी तीन तारे. एक कापला पाठीमागच्या टाक्यांसाठी, एक 'धुतल्यावर बसेल' या पहिल्या उत्तरासाठी. दुसरा टॉप त्याच बाईंकडे दिलाय, लोकांना नवल वाटतं. पण चूक कबूल करून पैसे परत करणारं माणूस मला माहीत झालंय, नवीन माणसाचं काय ते मला माहीत नाही. या वेळी किनार मोजून लावली, उरलेल्या पातळाचा हातभर तुकडा सोबत दिला आणि आधी त्यावर शिवून दाखवा म्हटलं. दोरा जांभळट करडा. बाइंडिंगची पट्टी अजून कापलेलीच नाही. घ्यायला जाईन तेव्हा टेबलावर पूर्ण उलटा करून बघणार आहे हे फोनवरच सांगून ठेवलंय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, कॉफी करून ठेवते.

मागच्या रविवारी आईला शेवटी पाठ दाखवली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, मशीनच्या टाक्यांवरून काही न बोलता पुढे गेली आणि धावदोऱ्यापाशी थांबली. 'हे तुझे ना?' म्हणाली. 'मोठे पडलेत गं.'