राउंडला टॅब नेताय? आधी ठेवणार कुठे ते ठरवा

टॅबची चार्जिंग पिन गेली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी भिंग लावून आत बघितलं आणि 'लिक्विड डॅमेज' म्हणून वॉरंटी नाकारली. अहो, मेडिसिनच्या वॉर्डात फिरणारी वस्तू पुसायची नाही तर काय करायचं? ७० टक्के अल्कोहोलचा वाइप चालतो, असं यांच्याच पुस्तिकेत आहे. फटीत ओल जाऊ देऊ नका, हेही तिथेच. पिनचे पैसे माझे, टॅबही माझ्याच पैशांचा. हॉस्पिटलने दिला तो फक्त वायफायचा पासवर्ड.

गेल्या पावसाळ्यापासून वापरतोय. प्रोसेसर, बॅटरी ठीक. खरा त्रास एकच, हा ठेवायचा कुठे? पोटात पाणी आहे का हे बोटांनी वाजवून बघायला दोन्ही हात लागतात. दहा इंची टॅब एप्रनच्या खिशात जात नाही, काखेतून घसरतो. लॉकरवर थर्मास, केळी, औषधांची पिशवी. मग उरते पेशंटच्या पायाशी चादर, आणि तिथले जंतू पुढच्या बेडला. हात स्वच्छ करायचे डब्ल्यूएचओचे पाच क्षण भिंतीवर लावलेत. पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतरचा क्षण त्यातलाच. म्हणजे दर बेडला हातही पुसा, टॅबही. त्यात सॅनिटायझर सुकायच्या आत बोट लावलं की स्क्रीन भलतंच उघडते. एकाच्या रक्तातलं पोटॅशियम बघायला जावं तर शेजारच्या बेडचं! नाव वाचल्याशिवाय मी आकडा वाचत नाही.

नोट्स टाइप करणं लवकरच सोडलं. मान खाली गेली की आजींचं बोलणं कानावरून जातं. एका नातेवाइकाने तर सिस्टरला विचारलं, "डॉक्टर सारखं काय बघतात त्यात?" केस पेपर पुन्हा कागदावर.

एवढं झाल्यावर विकायलाच काढणार होतो. तेवढ्यात छातीत पाणी झालेले, ते काढायला नळी घातलेले एक काका "नळी काढा, काही उपयोग नाही" म्हणून हटून बसले. नळी घालण्याआधीचा आणि नंतरचा एक्स-रे शेजारी शेजारी दाखवला. खालचा पांढरा भाग, म्हणजे पाणी, काळा झालेला त्यांनीच बोट ठेवून दाखवला. पुढे नळीचं नावही काढलं नाही. यासाठी मात्र टॅबला तोड नाही.

निदान त्यावर करत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०११ साली आयपॅडवर सीटी-एमआरआय बघायच्या अ‍ॅपला परवानगी दिली, तीही वर्कस्टेशन, म्हणजे स्कॅन बघायचा खास कॉम्प्युटर, हाताशी नसेल तेव्हापुरती. खिडकीजवळच्या बेडवर स्क्रीन चकाकली की ते पटतं.

घेणार असाल तर आठ इंची घ्या, एप्रन घालूनच दुकानात जा. कापडी कव्हर नको, पुसता येत नाही. चार्जिंगच्या फटीला लावायचं रबरी बूच किरकोळ पैशांत मिळतं. हे मला सर्व्हिस सेंटरमधल्याच मुलाने सांगितलं, बिल फाडून झाल्यावर.