एस्केप केलेली स्ट्रिंग फ्री कोणी करायची?

सी मधलं एस्केप फंक्शन, म्हणजे अवतरणचिन्हासारखी खास अर्थाची अक्षरं सुरक्षित रूपात बदलणारं फंक्शन, कधीकधी जास्तीची हुशारी करतं: बदलण्यासारखं काही नसेल तर मूळ पॉइंटरच परत, असेल तर मॅलॉक केलेली, म्हणजे नवी मेमरी मागून घेतलेली, नवी प्रत. एक अ‍ॅलोकेशन वाचतं खरं, पण फ्री करायचं (ती मेमरी परत द्यायची) की नाही हे आता मजकुरावर ठरतं. फ्री केलं नाही, तर साध्या मजकुरावर सगळं सुरळीत चालतं आणि पहिलं अवतरणचिन्ह आलं की मेमरी गळू लागते. नेहमी केलं, तर कधीतरी मूळ स्ट्रिंगच फ्री होते. शिवाय परतीच्या प्रकाराची पंचाईत: कॉन्स्ट (न बदलण्याजोगा) ठेवला तर फ्रीला देताना कास्ट, म्हणजे प्रकार मुद्दाम बदलणं, काढला तर मूळ स्ट्रिंगमध्ये लिहायची मोकळीक. हा पर्याय मी थेट बाद करतो. स्टॅटिक बफरही, म्हणजे फंक्शनने दर वेळी तीच ठरलेली जागा वापरणंही, बाद. एकाच प्रिंटएफमध्ये दोनदा बोलावलं की दोन्हीकडे एकच मजकूर.

नेहमी नवी प्रत देणं सर्वांत सोपं. एस्केप करण्यासारखं काही असो वा नसो, मिळालं ते फ्री करायचं. नल आला तर चूक झाली. पोस्टग्रेस डेटाबेसचं पीक्यू-एस्केप-लिटरल असंच वागतं. मात्र तिथे फ्री ऐवजी पीक्यू-फ्रीमेम वापरायचं, कारण विंडोजवर डीएलएलचा (वेगळ्या लायब्ररी फाइलचा) हीप, म्हणजे मॅलॉक जिथून मेमरी देतं तो साठा, वेगळा असू शकतो. स्वतःच्या प्रोग्रॅमच्या आतल्या फंक्शनला एवढा सोपस्कार नको.

फंक्शन बोलावणाऱ्यानेच बफर दिला, तर मालकीचा प्रश्नच मिटतो, पण हिशेब त्याच्या गळ्यात पडतो. मायएसक्यूएलचं जुनं एस्केप फंक्शन लांबीच्या दुप्पट अधिक एक बाइट मागतं. यूआरएलला तिप्पट लागते. जेसनमध्ये एका कंट्रोल बाइटचे सहा होऊ शकतात, म्हणजे सहापट अधिक एक. एसक्यूएलचं सूत्र तिथे चिकटवलं की बफर फुटलाच. हा मार्ग घ्यायचाच, तर बफरचा आकारही मागा आणि सी९९ च्या एसएनप्रिंटएफसारखी लागणारी लांबी परत करा.

वाढत्या बफरला पुढे जोडत जाणं हा तिसरा मार्ग. गिटचा स्ट्रबफ, जीलिबचा जीस्ट्रिंग त्यासाठीच. मोठी क्वेरी किंवा जेसन रचताना मधल्या प्रती लागत नाहीत आणि शेवटी एकच बफर मोकळा करायचा. त्यासाठी छोटा स्ट्रक्ट लिहावा लागतो, इतकंच.

फंक्शन दोन-चार ठिकाणीच वापरलं जात असेल तर नवी प्रत घ्या. लूपमध्ये असेल, किंवा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या प्रोफायलरमध्ये अ‍ॅलोकेशन खरोखर वर दिसत असेल, तर वाढता बफर. हीप नसलेल्या एम्बेडेड कोडसाठी मात्र बाहेरून दिलेला बफरच घ्यावा लागेल.