फेटचं सर्किट किट: उत्तम, पण बॅटरी फारच गुणी

बॅटरी ९ व्होल्ट, रोध १० ओहम, अमीटरवर ०.९० अँपिअर. फेटच्या 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट: डीसी' या पडद्यावर सर्किट जोडून बघायच्या आभासी प्रयोगात ओहमचा नियम पहिल्याच मिनिटाला इतका बिनचूक उतरतो. खऱ्या टेबलावर तो असा कधी उतरत नाही, हे शिकवणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावं.

फेट हा नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा प्रकल्प. सगळं मोफत. फाइल उतरवून ठेवली की वर्गात इंटरनेट नसलं तरी चालतं.

'पहिला बल्ब थोडी धारा खाऊन टाकतो' हा मुलांचा हट्टी गैरसमज मोडायला याच्याइतकं सोपं साधन क्वचितच मिळेल. दोन बल्ब एकसर जोडा आणि अमीटर आधी, मध्ये, शेवटी असा फिरवा. तिन्ही ठिकाणी ०.४५ अँपिअरच. मात्र पडद्यावर इलेक्ट्रॉन ऋण अग्राकडून धन अग्राकडे पळताना दिसतात, आणि पाठ्यपुस्तकातले बाण उलटे असतात. वर्ग गोंधळण्याआधी धारेची रूढ दिशा (धनाकडून ऋणाकडे) निवडा. पडद्यावरच्या इलेक्ट्रॉनांचा वेगही खरा मानू नका. १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर धारा असताना इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर सरकतात, म्हणजे मीटरभर अंतराला पावणेचार तासांहून जास्त.

आता खोट. मूळ मांडणीत बॅटरीला अंतर्गत रोधच नाही, त्यामुळे समांतर दुसरा बल्ब लावला तरी पहिला तसूभरही मंदावत नाही. टॉर्चच्या सेलवर तो मंदावतो, आणि मूल विचारतं, 'मग खोटं कोण?' उपाय 'लॅब' भागात आहे. प्रगत पर्यायांत बॅटरीचा रोध २ ओहम करा. एका बल्बवर ७.५ व्होल्ट मिळतात, दोन समांतर लावले की ६.४. हा फरक मुलांकडून आधी कागदावर काढून घ्यावा, मग व्होल्टमीटर लावावा.

किटमधल्या नेहमीच्या बल्बचा रोधही १० ओहमवरच स्थिर राहतो. खऱ्या बल्बची तार तापली की तिचा रोध थंड असतानाच्या कितीतरी पट होतो, म्हणून 'ओहमचा नियम' या प्रयोगाला बल्ब नकोच, साधा रोधच घ्या.

अमीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर पडद्यावर बॅटरी पेटते, अमीटर मात्र शाबूत. प्रयोगशाळेत तसं केलं तर मल्टिमीटरचा फ्यूज उडतो किंवा काटेवाल्या मीटरचा काटा वाकतो. तेव्हा आगीवर हसून झालं की हे सांगायलाच हवं, नाहीतर मुलं तीच गंमत खऱ्या मीटरवर करून बघतात.

मोबाइलवर बोटाखाली तारा भलत्याच ठिकाणी चिकटतात. जोडाला हलकं टॅप केलं की कात्री येते, तिने जोड सुटतो. पाच-सहा घटकांपुढे टॅब्लेट किंवा संगणकच घ्या.